उष्टी हवा

स्ट्रॉमनेसच्या बंदरात दुपारी तीनलाच दिवे लागले होते
तेव्हा रॉग्नवाल्ड लिंकलेटर दुकानात आला
आणि टोपी न काढता म्हणाला,
इंगा, होज दाखव. लांब.

अठ्ठावीस वर्षं हा माणूस एकटा बुडी मारतोय.
तळावरचे स्कॅलप हाताने वेचतो, जाळीत भरतो, वर येतो.
सोबत नाही, म्हणून भांडण नाही.
त्याच्या रेग्युलेटरचं पोट दर मार्चला मीच उघडते,
मीठ खरवडते, पडदा बदलते.
त्या यंत्राला दुसरं तोंड कधी नव्हतंच.

आता बहिणीचा मुलगा येतोय लर्विकहून.
एकोणीस वर्षांचा.
"भसाभसा हवा पितं कार्टं," म्हणाला.

मी काउंटरवर आधी पिवळी ठेवली.
मीटरभर नळी, टोकाला पिवळा ऑक्टोपस,
छातीवर चिमट्यात अडकवायचा,
ज्याला लागेल त्याने ओढून घ्यायचा.
आपलं आपल्या तोंडात, पाहुण्याचं पाहुण्याला,
कपाटातल्या वेगळ्या कपबशीसारखं.
फक्त, चिमटा सुटतो.
मग ते पिवळं फरफटत येतं मागे, गाळातून, शेवाळातून,
आणि गरज पडते त्या दिवशी
त्यातून वाळू निघते.

मग काळी. सात फूट.
उजव्या बरगडीवरून खाली,
कमरेच्या दिव्याच्या डब्याखाली खोचून, छातीवरून तिरकी,
मानेमागून एक वळसा, आणि तोंडात.
अरुंद दारातून दोघांना एकामागे एक निघता येतं.
राखीव असतं ते गळ्यात, रबरी माळेत, हनुवटीखाली.

"म्हणजे द्यायचं कुठलं?"
तोंडातलं.
"आणि मी?"
तू गळ्यातलं.

तो गप्प झाला.
बाहेर स्क्रॅब्स्टरची फेरी धक्क्याला लागत होती.

मग गिऱ्हाइकांना जे सांगत नाही ते मी सांगितलं.
चौतीस मीटरवर, बुडालेल्या जर्मन जहाजाच्या कुशीला,
एरलेंडचा व्हॉल्व्ह थंडीने उघडाच गोठला,
सगळी हवा उसळून गेली.
माझ्या छातीवर पिवळा होता, ठसठशीत, शिकवल्याप्रमाणे.
त्याने तिकडे पाहिलंही नाही.
जीव जाणारा माणूस रंग बघत नाही,
बुडबुडे जिथून निघतात तिथे हात घालतो.
माझ्या दातांतून त्याने ते उपसून घेतलं.
आणि मी, खोटं कशाला बोलू,
मी ते एकदा परत ओढलं.

तोंडचा घास म्हणतात, तो हा.
काढून देता येतो.
हिसकावला तर माणूस चावतो.

वर आलो दोघंही. मला शेवटी पिवळा सापडला,
मीटरभर नळीवर, कपाळाला कपाळ टेकवून,
झुंजणाऱ्या एडक्यांसारखे.
तो आता ॲबर्डीनला असतो.
मी ओढलं होतं, हे त्याला कळलं का,
विचारलेलं नाही.

नाहीतरी जे हिसकावलं जाणार
ते आधीच पुढे करायची सवय,
एवढंच आहे या सात फुटांत, मी म्हटलं. आणि थोडं रबर.

ड्रायसूटांच्या रांगेत त्याला उभं केलं, टोपीसकट.
गळ्यावरून हात आडवा फिरवला: हवा संपली.
पहिल्यांदा त्याने गळ्यातलं दिलं.
उलट, रॉग्नवाल्ड.
दुसऱ्यांदा नळी मानेत अडकली.
डोकं वाकवायचं असतं. वाकल्याशिवाय ती सुटत नाही.
तिसऱ्यांदा तोंडातलं निघालं, ओलं, चहाच्या वासाचं,
आणि मी ते तसंच घेतलं, उष्टं, कोमट.
रांगेच्या त्या टोकाला तो
हनुवटीखाली चाचपत राहिला, डोळे मोठे करून,
कोरड्या दुकानात, हवेने भरलेल्या.

मग हात पसरून त्याने नळी मोजली, दोर मोजतात तशी.
पैसे ठेवले. दारात थांबला.
"पोरगं आधी मागेल ना?"

बहुतेक नाही, मी म्हटलं.